दुपारचा आखर

...अन् वरून मलेच इचारते, "काका, कुठून आले?" मले! सूर्यभान किसनरावले! धामणखेडच्या मातीत उभं राहून धामणखेडवाल्याले इचारते, कुठून आले म्हनून! आता त्या गेटावरच्या पियुषचं काही चुकलं असं मी म्हनत नाई, गरीब मानूस हाय, दोन लेकराइचा बाप हाय, त्याले डरेस भेटला, शिट्टी भेटली, वही भेटली, अन् वहीत 'कोठून आले' असा रकाना छापेल हाय तं तो बिचारा इचारीनच. पन मी म्हनलं, बाप्पा, मी कुठून आलो नाई, मी इथंच होतो, आला तं तू! तुही खुर्ची हाय न, त्याच जागी आमची भुरी गाय रवंथ करत बसे. तं म्हनते कसा, "ते ठीक हाय काका, पन वहीत काय लिवू?"

आता तुमीच सांगा राजेहो, काय लिवाचं?

तुमाले सांगतो, हे कलेक्टर हापिस, हे चार मजले, ही लाल दिव्याची लिफ्ट, हे सारं माह्या एका शब्दानं झालं. हासू नका! मी काही पुढारी नाई, मेंबर नाई, मी आपला अकरा एकराचा कास्तकार, पन शब्द माहाच होता. अन् तो शब्द बी कोनी मारून मुटकून नाई काढला माह्या तोंडातून. मी आपल्या हौसेनं बोललो. हासत बोललो! जेवू घालून बोललो!

झालं काय, सात वर्षांमागं सरकारनं नवा जिल्हा कराचं ठरवलं. मूर्तिजापूरवाले म्हनत, ठिकान आमच्याकडं पायजे, आमच्याकडं रेल्वे हाय. नांदगाववाले म्हनत, आमच्याकडं खंडेश्वर हाय, देवापेक्षा रेल्वे मोठी का? हे बाजार बंद ठेवे तं ते रस्ता अडवे, ते रस्ता अडवे तं हे टायर जाळे. शेवटी वर बसेल कोन्या साहेबाचं डोस्कं फिरलं, त्यानं नकाशा घेतला, पट्टी ठेवली, बराबर मधात पेन्सिल टेकवली अन् म्हनला, इथं करा, कोनीच भांडू नका. पेन्सिल कुठं टेकली? धामणखेडावर! जिथं यस्टी दिवसातून एक डाव येत होती, अन् ते बी डायवरची सासुरवाडी आमच्या गावात होती म्हनून! जिथं पोस्टमन आला का लोक इचारे, कोन मेलं? त्या धामणखेडात जिल्हा!

मंग निरोप आला, साहेब जागा पाहाले येते. आता पाहुना येते म्हनल्यावर वऱ्हाडी मानूस काय करते? आंगन झाडते. आमी अख्खं गाव झाडलं! मारोतीच्या पारापासून आखरापावेतो बायाइनं खराटे मारले, टाक्यावरून पानी आनून सडा टाकला, शेनाचा एक पो राहू देला नाई. अन् हेच, हेच राजेहो, इथंच आमचं नशीब फुटलं. कारन पुरावा होता तं शेनच होतं. आमी पुरावाच झाडून टाकला!

तुमाले आखर म्हंजे काय हे सांगा लागीन, काहून का आता जिल्ह्याच्या ठिकानी राह्यनाऱ्याइले ठाऊक नसते. आखर म्हंजे गावाच्या कडेची ढोराइची जागा. सकाळी उजाडलं का घराघरातली ढोरं तिथं जमते, गायकी येते, हाळी देते, अन् सारा कळप रानात चराले घेऊन जाते. दिवस बुडता बुडता ढोरं परत येते, धूळ अशी उडते का मारोतीचा कळस दिसत नाई, वासरं हंबरते, बाया पोराइले हाका मारते. अन् वर्षातून एक डाव, पोळ्याले, साऱ्या गावच्या बैलजोड्या त्याच आखरावर तोरनाखाली उभ्या राह्यते. म्हंजे सकाळी आखर भरेल, संध्याकाळी भरेल, पोळ्याले तं पाय ठेवाले जागा नाई. अन् साहेब कवा आला? दुपारी साडेबाराले!

दुपारी साडेबाराले आखरावर काय राह्यते हो? ऊन राह्यते!

साहेब गाडीतून उतरला, गॉगल वर केला, त्या झाडेल-सारवेल आखराकडं पाहून म्हनते, "वा! सुंदर! ही जागा मोकळी आहे का हो?" अन् मी पुढं. पोळ्याची मानाची जोडी माह्या घरची, बाप गेल्यापासून तोरनाखालचा पयला बैल माहा, तं बोलाचा मान बी माहाच न! म्हनलं, "रिकामीच हाय, साहेब!"

काहून म्हनलं? अहो, रिकामी होती म्हनून म्हनलं! ढोरं रानात गेले होते ना! आता तुमच्या घरचे सारे जन वावरात गेले अन् कोनी इचारलं, घरात कोनी हाय का, तं तुमी नाईच म्हनान न? मंग तो लगेच तुमचं घर घेऊन बसते का?

मंग जेवनं झाले. रोडगे, वांग्याची भाजी, वरन, वरून तूप. साहेब पाच रोडगे जेवला राजेहो! माह्या बायकोनं, केशरबाईनं, सहावा वाढला तं दोन्ही हात आडवे करून म्हनते, "वहिनी, बस झालं, आता मला इथेच बदली मागावी लागेल." सारे हासले. मी सगळ्यात जास्त हासलो. हात धुतल्यावर त्यानं कागद काढला, म्हनला, पंच लागतीन दोन. एक आमचे वामनराव, एक मी. पंचनाम्यात त्यानं लिवलं, 'सदर जागा पूर्वापार रिकामी असून तिचा कोणताही वापर होत नाही.' आता पोटात सहा सहा रोडगे असल्यावर 'पूर्वापार' कोन वाचते? मी खाली सही ठोकली. साधी नाई, लफ्फेदार! पूर्न नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. मले वाटलं, बांधतीन एखांदी खोली कोपऱ्यात, बसवतीन एक साहेब, आमाले बी सातबाऱ्यासाठी हिंडा लागनार नाई.

एक खोली! कलेक्टर हापिस आलं, त्याच्या मांगं तहसील आलं, त्याच्या बाजूनं कोषागार आलं, कोर्ट आलं, कोर्टासंग वकील आले, वकिलाइसंग चाहाच्या टपऱ्या आल्या, भूमी अभिलेख आलं, आरटीओ आलं, शिकाऊ लायसनवाले आले अन् आमच्या नाल्यात पडाले लागले, हेलिपॅड आलं, हेलिकाप्टर काही आलं नाई पन हेलिपॅड आलं, अन् ह्या साऱ्याच्या मधात आमचं गाव जिथं होतं तिथंच राह्यलं, फक्त एक दिवस कमानीवर पाटी लागली, 'जुनी वस्ती'. घ्या! घरी बसल्या बसल्या आमी जुने झालो! वामनरावचंच पाहा. पोळ्याले झडत्या, म्हंजे बैलाइपुढची गानी, म्हनाले उभा राह्यला का चार गावचे लोक आयकाले येत, असं त्याचं तोंड! आता कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. दिवसभर एकच झडती म्हनते, "एक बाजू का दोन बाजू?"

अन् तरी बी, खरं सांगतो, मले तवा राग नोता. गिट्टीचे ढीग पडले, सळाखी पडल्या, पन आमी पोळ्याले गिट्टीच्या मधातून जोड्या नेत होतो. आखर हाय न, मंग झालं. पन तीन पोळ्यामागं भिंत आली. भिंतीले गेट आलं. गेटाले पियुष आला.

त्या वर्षी गावात एक्केचाळीस जोड्या होत्या. आमी सारे हापिसात गेलो, म्हनलं आमाले वर्षातून एक दिवस, ते बी दोन घंटे, आमचा आखर द्या. खिडकीवर प्राजक्ता मॅडम. पोरगी लय चांगली हाय हो, भातकुलीकडची, कास्तकाराच्या घरची, तिले पोळा समजते. उठून तिनं सोता फाइल काढली, पानं चाळली, चाळली, अन् तोंड एवढंसं करून म्हनते, "काका, अडचण आहे. ही जागा पूर्वापार रिकामी आहे. इथे पोळा कधी भरतच नव्हता."

"कोन म्हनते?" मी असा वराडलो का मांगची रांग दोन पावलं मांगं सरकली. "कोन म्हनते भरत नोता? आना त्याले माह्यासमोर!"

"पंच म्हणतात, काका. पंचनामा आहे ना." तिनं बोट ठेवलं. "कोणी सूर्यभान किसनराव म्हणून आहेत. तुम्ही ओळखता का त्यांना?"

वळखतो म्हनलं, माय. आता आताच वळख पडून राहिली.

मंग उपाय काय? तुमाले सांगतो, उपाय लय होते! ग्रामपंचायतीचा दाखला आना, का इथं जुनी वहिवाट होती. ग्रामपंचायत कुठं हाय? ते बुडाली नगरपरिषदेत. नगरपरिषदेत गेलो तं म्हनते, आमचं दप्तर आमच्या स्थापनेपासूनचं, त्याच्या आधी इथं काय होतं ते आमाले कसं ठाऊक? मंग म्हने, त्या पंचानं प्रतिज्ञापत्र द्यावं का पंचनामा चुकीचा हाय. म्हनलं देतो! आत्ता देतो! तं वरचा साहेब चष्म्यावरून पाहून म्हनते, "द्या. पण मग खोटा पंचनामा केल्याबद्दल त्या पंचावर कारवाई करावी लागेल. आणि अर्जदाराला कळवावं लागेल." म्हनलं, अर्जदार मीच हाय. "मग कळलं ना तुम्हाला?" म्हनते. "नेक्स्ट!"

त्या वर्षी पोळा डांबरी रस्त्यावर भरवला. गरम डांबरावर बैलाइचे खूर घसरे, मांगून येनाऱ्या-जानाऱ्या गाड्या हॉर्न वाजवे, वामनरावची झडती कोनाले आयकूच नाई आली. घरी आलो तं केशरबाई आरतीचं ताट तसंच घेऊन दारात उभी. तिनं आजवर मले आडवा शब्द नाई बोलला, पन त्या दिवशी बोलली. म्हने, "अवो, मी लगन होऊन आली तं पयला पोळा त्या आखरावर पाह्यला. आपल्या दिवाण बैलाचं वय झालं आता. किती पोळे राह्यले त्याचे? एक डाव तरी त्याले आखरावर ववाळाले भेटलं पायजे मले. तुमीच रिकामी लिवून देली न? आता तुमीच भरून द्या."

तुमीच भरून द्या! तुमाले सांगतो, कलेक्टरनं शिव्या देल्या असत्या तं एवढं लागलं नसतं.

दिवाण अन् सरदार, ही माही जोडी. घरचेच गोऱ्हे, घरच्याच दावनीले वाढले. सरदार आपला खाल्ल्या पेंडीचा, पन दिवाण मानसासारखा. लहानपनी कळपासंग आखरावर जाची सवय, ते काही गेली नाई. म्हातारपनी कामातून मोकळा केला, तं सकाळी दावं सोडलं का हा हळू हळू चालत जाये अन् गेटासमोर जाऊन उभा राह्ये. गायकीची वाट पाहे. गायकी कुठचा? त्याचा गायकी तं आता जिल्हा परिषदेत चपराशी हाय! तासभर उभा राहून आपला परत ये. पियुषनं पयल्या पयल्यानं शिट्ट्या मारल्या, मंग दया आली, अन् एक दिवस तं लेकानं वहीत नोंद केली. मी सोता वाचली. नाव: दिवाण. कोणाकडे काम: खाजगी. कोठून आले: तिथं मातर त्यानं रकाना कोराच ठेवला.

मी अर्ज करतच राह्यलो. प्राजक्ता मॅडम फाइल वर पाठवे, वरून फाइल खाली ये, अन् हिकडं राजेहो, गाव सरकून राहिलं होतं. वावराचे प्लॉट पडले, प्लॉटाइले नावं पडले, 'ग्रीन सिटी', 'शिवार रेसिडेन्सी', शिवार गेलं तवा रेसिडेन्सी आली. वावर नाई तं बैल कशाले? दुसऱ्या पोळ्याले सतरा जोड्या. उत्तमरावनं आपली जोडी विकली त्या दिवशी मले तोंड नाई दाखवलं, चार दिवस मांगच्या गल्लीनं गेला. गेल्या पोळ्याले तीन जोड्या. अन् यंदा? यंदा एकच. माही. मी मोजत होतो अन् फाइल फिरत होती, फाइल फिरत होती अन् मी मोजत होतो, मले भेव एकच का परवानगी आधी येते का बैल आधी सरते.

बैल आधी सरला.

आषाढात दिवाण बसला तो उठलाच नाई. डाक्टर आला, सलाईन लावलं, केशरबाईनं गूळ-पानी भरवलं, त्यानं जिभेले लावलं अन् मान खाली टाकली. एकवीस वर्षं! मी रडलो हो. आता तुमच्यासमोर काय लपवाचं, खड्डा खनाऱ्या जेशीबीवाल्यासमोर रडलो. पुराले बी नगरपरिषदेची परवानगी लागते म्हने. ते मातर लगेच भेटली.

अन् पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन! "काका! काका, मंजूर झालं! साहेबांनी सही केली!" प्राजक्ता मॅडमचा आवाज असा का जशी तिलेच नोकरी लागली. कागद व्हॉट्सॲपवर. वाचला. सकाळी दहा ते बारा या वेळेत, शेण पडल्यास अर्जदाराने स्वतः उचलावे, ध्वनिक्षेपक लावू नये, अन् एक्केचाळीस जोड्या आनाले परवानगी. एक्केचाळीस! तीन वर्षांमागचा अर्ज होता न!

मी म्हनलं, मॅडम, एक जोडी बी नाई आता. एक बैल हाय. मंग मॅडम हळूच म्हने, "या काका. मी येते."

त्या दिवशी खांदशेकनी. केशरबाईनं सरदारच्या खांद्याले तूप-हळद लावली, म्हने, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मंग बाजूच्या रिकाम्या खुट्याजवळ गेली, वाकली, अन् तिथं बी म्हनली. मी बैलाइच्या पान्याची बादली भरून राहिलो होतो. भरली होती, तरी भरतच राह्यलो.

अन् काल पोळा. पोळ्याची हापिसाले सुट्टी! सुट्टी लागली का साहेब लोक अमरावतीले जाते, अकोल्याले जाते, आपापल्या गावी. इथं कोन राह्यते? चार मजले बंद. गाडी नाई, वकील नाई, टपऱ्याइवर ताडपत्र्या. मी सरदारले नवी झूल घातली, शिंगं रंगवले, बाशिंग बांधलं, घेऊन निंगालो. केशरबाई ताट घेऊन मांगं. वामनराव दुकान बंद करून आला, नवा सदरा घालून. गेटावर पियुष उभा. मले वाटलं, आज तरी हा मानसासारखा वागीन... तं हेच तं तुमाले सुरुवातीले सांगून राहिलो! वही पुढं केली, "काका, कुठून आले?" म्हने कॅमेरा हाय, लिवा लागते. बैलाचं नाव लिवलं, वामनरावचं लिवलं, अन् माह्या रकान्यासाठी पेन धरून उभा. म्हनलं लिव तुले जे लिवाचं ते. त्यानं लिवलं, 'बाहेरून'.

आत दोन नो पार्किंगच्या खांबाइले तोरन बांधलं. प्राजक्ता मॅडम सुट्टी असून आलती, साडी नेसून आलती बिचारी. सरदारले तोरनाखाली उभा केला. त्यानं उजवीकडं मान वळवून पाह्यलं. जन्मभर उजवीकडं दिवाण राहे न. पाह्यलं, अन् मंग समोर पाहत उभा राह्यला.

"काका, एकच मिनिट," मॅडमनं पिशवीतून कागद काढला, मान खाली घालून. "सुरू करायच्या आधी स्थळ पंचनामा लागतो. आदेशातच अट आहे. जागा रिकामी असल्याबद्दल. दोन पंच... तुम्ही आणि वामनराव. तुम्ही बघून सांगा, मी लिहिते."

मी पाह्यलं. सकाळचे दहा वाजले होते. पोळ्याचा दिवस होता. मी त्या भिंतीपासून त्या भिंतीपावेतो पाह्यलं, जिथं बाप उभा राहे तिथं पाह्यलं, जिथून कळप ये तिथं पाह्यलं, गायकी जिथं हाळी दे तिथं पाह्यलं. केशरबाई माह्याकडं पाहून राहिली होती. ताटातला दिवा वाऱ्यानं इझाले आलता.

म्हनलं, "रिकामीच हाय, मॅडम."

सही केली. या डाव लफ्फेदार नाई, साधी. अन् तुमाले सांगतो राजेहो, पयल्या डाव खोटं लिवून देलं तं अख्खा जिल्हा आला. या डाव खरं लिवून देलं... तं कोनीच आलं नाई.